भिवरा आणि सोन्याचे कंद

एका राज्यात भांडायला बंदी होती.

राजाचे नाव शांतवर्मा. त्याला आवाज म्हणून खपत नसे. राजवाड्यात नोकरचाकर अनवाणी चालत, दरवाजांच्या बिजागऱ्यांना रोज तेल पडे, आणि राणी पद्मगंधेने आपले पैंजण काढून पेटीत ठेवून दिले होते. एवढ्यावर भागले असते तर कोणाची हरकत नव्हती. राजांना अशी खुळे असायचीच. पण या राजाला कमळेही फार आवडत. राजवाड्यामागे त्याने भले मोठे तळे खोदवले, आणि ते भरावे म्हणून नदीला बांध घालून सगळी नदी आपल्या परसात वळवून घेतली. खालच्या गावांच्या वाट्याला वाळू आली.

लोक दरबारात आले. हात जोडून म्हणाले, "महाराज, आमचे पाणी?"

राजाने कानांवर हात ठेवले. "केवढे हे भांडण!" तो म्हणाला.

आपले पाणी मागणे म्हणजे भांडण, असे ज्या राज्यात ठरते, तिथे पुढे काय होणार ते वेगळे सांगायला नको. तरी सांगतो. ऐका.

दरबारात धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता. त्याच्या डोक्यावर केसांऐवजी धूर होता, म्हणून तो खिडकीपाशी कधी बसत नसे. तो पुढे झाला.

"महाराज, दोष आपला नाही," तो म्हणाला. "दोष एका वेलीचा आहे."

"कोणत्या?"

"कळलावीच्या. तिचे नावच पाहावे. घराघराच्या कुंपणावर ती आहे. ती कळ लावते, म्हणून लोक भांडतात."

हे धादांत खोटे होते. कळलावी हे नाव बायकांनी ठेवलेले, आणि मोठ्या कौतुकाने ठेवलेले. कुंपणावर ती वेल फुललेली असली की घरातल्या गर्भारणीला वेळेवर कळा येत. गाय वेळेवर वीत असे, अंडे वेळेवर फुटत असे. तिचा कंद विषारी. माणसे तो खात नसत, गुरे तोंड लावत नसत. वेल नुसती दारात असली म्हणजे पुरे होई. कळ लागल्यावाचून या जगात नवे काही येत नाही, आणि ती कळ लावण्याचे काम या वेलीकडे होते. त्या नावाची मांत्रिकाने शिवी करून टाकली! नदी पळवली राजाने, आणि गुन्हेगार ठरली वेल!

राजाला मात्र हायसे वाटले. दोष आपला नाही हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

शिपाई सुटले. त्यांनी कुंपणे उचकटली, बांध खणले, दिसेल ती कळलावी मुळासकट उपटली. कंदांची पोतीच्या पोती राजवाड्यात आली. धूम्रकेशाने त्यांवर फुंकर घातली, तसे सगळे कंद सोन्याचे झाले. कोठी आढ्यापर्यंत भरली. राजा कोठीच्या दारात उभा राहून म्हणाला, "शांतता मिळाली ती मिळाली, वर सोनेही मिळाले."

त्या दिवसापासून त्या राज्यात कोणी जन्माला आले नाही.

गाई जड पोटाने गोठ्यात उभ्या राहिल्या. कोंबड्या अंड्यांवर बसून बसून हाडकल्या. शेंगा वाळल्या, पण तडकल्या नाहीत. बायकांचे दिवस भरले आणि उलटून गेले. पोटातली मुले जिवंत होती, लाथा मारत होती, पण कळ येत नव्हती. कोणी तक्रार केली की शिपाई दरडावत, "गप बैस, कळलावे!"

त्या राज्यात वाळूकाठच्या गावी सोनजी कुंभार राहत असे. त्याची बायको भिवरा. भिवरा मुळातच कोणाचे ऐकून घेणारी नव्हती. आता तर तिला धड बसवत नव्हते की धड निजवत नव्हते, आणि तिचा राग पोटाबरोबर वाढत होता. एके सकाळी ती उठली, कमरेवर हात ठेवून चालत निघाली, आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "माझे दिवस भरून पुष्कळ दिवस झाले. गावात माझ्यासारख्या कितीक आहेत. आमची कळलावी आम्हाला परत द्या."

राजा म्हणाला, "बाई, थांब जरा. सगळे आपोआप होईल."

"कधी?"

राजाने मांत्रिकाकडे पाहिले. धूम्रकेश हसला. "ही बाई कृतघ्न आहे, महाराज. आपल्या राज्यात आता एकाही स्त्रीला कळा सोसाव्या लागत नाहीत. बायकांनी आपले उपकार मानायला हवेत."

दरबारी माना डोलावू लागले. भिवरेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उपकार?" ती म्हणाली. "तुमच्यापैकी कोणाच्या पोटात मूल आहे? कळ माझी आहे. ती सोसायची की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? माझी कळ मला परत द्या!"

तिचा आवाज खांबाखांबावर आदळला. राजाने कानांवर हात घेतले. शिपायांनी भिवरेला धरून वेशीबाहेर काढले. गर्भारशी बाईला धरून बाहेर काढले, आणि त्या भरल्या दरबारात एकाचीही मान वर झाली नाही. लाज वाटावी असा तो दिवस होता.

वेशीबाहेर बाभळीखाली भिवरा टेकली. बाभळीला शिंजिराचे घरटे लोंबत होते, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले. घरट्यातून शिंजिराच्या मादीने चोच बाहेर काढली. ही चोच लांब, बाकदार, फुलांतला मध पिण्याची.

"दरबारात ओरडलीस ती तूच ना?" पक्षीण म्हणाली.

"मीच."

"बरे केलेस. माझी दोन अंडी आहेत. आत पिल्ले टकटक करतात, पण कवच फुटत नाही. आई असून दारावरची टकटक ऐकत बसायचे, हे किती दिवस सोसू?"

भिवरेचे डोळे भरून आले. "उपाय ठाऊक आहे तुला?"

"आहे. काळकड्याच्या कपारीत एक कळलावी उरली आहे. शिपायांची नजर तिथे पोहोचली नाही, माझी चोच पोहोचते. ती वेल राजाच्या कोठीत, आपल्या बहिणींजवळ फुलली, तर सोन्याचे पुन्हा कंद होतील."

"मग माझा नवरा तिथे चढून ती आणील."

"पोटात जीव असलेल्या बाईनेच तिला उचलायचे. दुसऱ्या कोणी उचलली की धूम्रकेशाच्या मंत्राने तीही सोन्याची होईल. आणि वाट सोपी नाही. वारा, पाऊस आणि ऊन ही तिन्ही धूम्रकेशाच्या मुठीत आहेत. तिन्ही तो तुझ्यावर सोडील."

"सोडू दे," भिवरा म्हणाली.

ती घरी आली. सोनजीने सगळे ऐकून घेतले. तो भित्रा नव्हता, पण त्याचे तोंड उतरले. "भिवरे, या अवस्थेत? कड्यावर?"

"या अवस्थेत आहे म्हणूनच, धनी. ही अवस्था संपत नाही, हेच तर दुखणे आहे."

सोनजी उठला. घरात पिण्यापुरते पाणी होते, त्यातले निम्मे त्याने मातीत ओतले आणि चाकावर एक कुंडी घडवली. रुंद बुडाची, जाड काठाची. भाजून निवल्यावर त्याने ती भिवरेच्या हाती दिली. "ही फुटणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे मी तरी तशी केली आहे." मग तो लगबगीने चुंबळ वळायला बसला.

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कुंडी, आणि पुढे उडणारी पक्षीण, अशी भिवरा निघाली. बसत, उठत, श्वास घेत ती काळकडा चढली. कपारीत कळलावी उभी होती.

आता तुम्ही पाहता तशी ती त्या काळी नव्हती. तिची पाने साधी होती, इतर कोणत्याही पानांसारखी. तिचे फूल आभाळाकडे तोंड करून उमले, आणि ती बाराही महिने फुले. कुंपणाच्या आडोशाला, माणसांच्या मायेत वाढलेली वेल ती. तिला कष्ट कसे ते ठाऊक नव्हते.

"माझ्या बहिणी कुठे आहेत?" वेलीने विचारले.

"राजाच्या कोठीत. सोन्याच्या झाल्या आहेत."

"सोने म्हणजे काय?"

"उगवत नाही ते," भिवरा म्हणाली.

वेलीने कपारीतली आपली मुळे सैल केली. मग म्हणाली, "मला घेऊन चल."

भिवरेने कपारीतली माती हातांनी उकरली, कंद मातीसकट कुंडीत ठेवला, आणि ती कडा उतरू लागली.

राजवाड्याच्या वाटेवर आधी सडा लागतो. सडा म्हणजे उघडा कातळ, जिकडे पाहावे तिकडे काळा दगड, झाड नाही, झुडूप नाही. भिवरा मध्यावर आली आणि धूम्रकेशाने वारा सोडला. तो वारा शीळ घालत आला. कुंडी डोक्यावर राहीना, म्हणून भिवरेने ती छातीशी धरली. पण वेलीचा देठ नाजूक. तो डावीकडे लवला, उजवीकडे लवला, मोडायला आला.

"मला धरायला काही नाही!" वेल ओरडली. "मला कुंपण हवे!"

"इथे कुंपण नाही. माझा हात धर."

"मला हात नाहीत!"

भिवरा संतापली. वाऱ्यावर संतापली, मांत्रिकावर संतापली, आणि थोडी वेलीवरही. "हात नाहीत म्हणून मोडून जाणार? तुझे कुंपण ज्यांनी तोडले त्यांना हेच हवे आहे! पाने आहेत ना तुला? पानाला टोक आहे ना? त्याचाच हात कर!"

वेलीने सगळा जीव पानांच्या टोकांत आणला. टोके लांबली, बारीक झाली, वळली. एका पानाने भिवरेची करंगळी गुंडाळली, दुसऱ्याने तिच्या पदराचा काठ धरला, तिसऱ्याने बांगडी. वारा ओढत राहिला आणि वेल धरून राहिली. शेवटी वारा थकला आणि शीळ घालायचे विसरून निघून गेला.

"दुखते का?" भिवरेने विचारले.

"दुखते," वेल म्हणाली. "पण आता मला कुंपणाची वाट पाहायला नको. जे मिळेल ते मी धरीन."

सडा संपला आणि घाट लागला. घाटात धूम्रकेशाने पाऊस सोडला. थेंब कसले, बोराएवढे गोळे ते. भिवरा एका कातळाखाली शिरली, पण पाऊस तिरपा आला. वेलीला त्या वेळी एक फूल आले होते, आभाळाकडे तोंड केलेले. ते वाटीसारखे भरले. आतले पराग वाहून गेले, पाकळ्या कुजून गळल्या. दुसरी कळी उमलली, तिचेही तेच झाले.

पक्षीण पंख झटकत कुंडीच्या काठावर बसली. "अशाने बी कसे धरणार?" ती म्हणाली. "वेली, मान खाली घाल. तोंड खाली केलेस तर पाणी भरणार नाही."

"मी मान खाली घालणार नाही," वेल म्हणाली. "मान खाली घालणारे राजाच्या दरबारात पुष्कळ आहेत. भिवरेनेच मला सांगितले."

वेलीचे म्हणणे भिवरेला पटत होते. दरबारातल्या त्या खाली गेलेल्या माना तिला अजून दिसत होत्या. पाऊस कोसळत राहिला, आणि वेलीवर आता एकच कळी उरली. भिवरेने पोटावर हात ठेवला. आतले मूल डोके खाली करून केव्हाचे तयार होते.

"अगं, माझे मूलही मान खाली घालूनच बसले आहे," ती हळूच म्हणाली. "ते काही भ्याले म्हणून नव्हे. बाहेर यायची वाट तिकडे आहे म्हणून. तू तोंड खाली कर, पण पाकळ्या नको. पाकळ्या उलट्या वळव, वर, ज्वाळेसारख्या. बघणाऱ्याला कळू दे, ही शरण आलेली नाही."

कळी उमलली. तिचे तोंड जमिनीकडे वळले, आणि सहाही पाकळ्या मागे वळून आभाळाकडे उभ्या राहिल्या, नागमोडी काठांच्या, पेटल्यासारख्या. पावसाचे पाणी त्यांवरून ओघळून गेले. खाली पराग कोरडे राहिले. पक्षिणीने बाजूने चोच घातली, आणि तिच्या डोक्याला पिवळी पूड लागली.

पाऊस हिरमुसला होऊन थांबला.

घाट ओलांडला की सपाटी, आणि सपाटीच्या टोकाला राजवाडा. तिथे धूम्रकेशाने ऊन सोडले. ते ऊन वरून आले, तसे खालूनही आले. मातीला भेगा पडल्या. पक्षीण भिवरेच्या सावलीत चालू लागली, कारण उडायला हवाच उरली नव्हती. भिवरेजवळचे पाणी संपले. आधी तिने आपला घोट वेलीला दिला, मग तोही उरला नाही. वेलीची पाने पिवळी झाली, टोकांची पकड सुटली. फूल वाळले. देठ वाळून काडी झाला आणि गळून पडला. कुंडीत नुसती माती राहिली.

"मेली," पक्षीण म्हणाली, आणि चोच पंखात खुपसून बसली.

भिवरा वाटेवरच खाली बसली. तिला रडू आले नाही. तिला असा राग आला की कुंडी उचलून आपटावी, राजवाड्याच्या दिशेने भिरकावावी. एवढे चालले, एवढे सोसले, ते या मूठभर धुळीसाठी? तिने कुंडी दोन्ही हातांनी उचललीसुद्धा.

तेव्हा मातीतून आवाज आला, अगदी खोलातून. "भिवरे, टाकू नकोस. मी आहे."

"कुठे आहेस?"

"खाली. वरचे सगळे मी सोडून दिले. या उन्हात हिरवे राहायचे म्हणजे मरायचे. मी कंदात आले आहे आणि निजते आहे. तू थांब."

भिवरेच्या मस्तकात तिडीक उठली. "थांब? तूही तेच सांगतेस? राजा मला हेच म्हणाला!"

"राजा तुला थांब म्हणाला, ते तू विसरावेस म्हणून," वेल म्हणाली. "मी थांबते आहे ती उगवण्यासाठी. आतल्या आत मी दोन फाटे करते आहे, नांगराच्या फाळासारखे. पाणी मिळेल तेव्हा जमीन फोडून वर येईन. ते मिळवणे तुझ्याकडे."

मग आवाज थांबला. भिवरा बराच वेळ त्या मातीकडे पाहत राहिली. माती मातीसारखीच दिसत होती. विश्वास ठेवण्याजोगे तिच्यात काही नव्हते. तरी भिवरेने पदर ओढून कुंडीवर सावली केली, आणि ती उठली.

वाटेत गावे होती. गावांतल्या बायकांनी दारातून पाहिले: दिवस उलटून गेलेली एक बाई, डोक्यावर धुळीची कुंडी, राजवाड्याकडे निघालेली. एकीने विचारले, "काय आहे गं त्यात?" भिवरा म्हणाली, "आपली कळ." ती बाई चपला शोधत न बसता तशीच निघाली. तिच्यामागून दुसरी निघाली. एकमेकींना हात देत, वाटेत बसत, पुन्हा उठत, त्या सगळ्या जड पोटांच्या बायका राजवाड्याच्या फाटकासमोर येऊन बसल्या. कोणी काही बोलले नाही.

राजा गच्चीत आला. "हा कसला आवाज?" त्याने विचारले.

"आवाज नाही, महाराज," शिपाई म्हणाला. "त्या गप्प बसल्या आहेत."

"मला ऐकू येतो आहे!" राजा म्हणाला, आणि त्याने कानांवर हात घेतले. आवाज थांबला नाही.

धूम्रकेश फाटकात आला. कुंडीत डोकावून तो इतका हसला की त्याच्या डोक्यावरचा धूर थरथरला. "धूळ आणली आहे! चला, निघा इथून!"

तेव्हा राजवाड्याच्या पायऱ्यांवर छुमछुम वाजले. राणी पद्मगंधा खाली येत होती. तिने पैंजण घातले होते. तिचे पोटही पुढे आलेले होते, आणि चेहरा थकलेला होता.

राजा गच्चीवरून म्हणाला, "पद्मगंधे, हे काय?"

"महाराज," राणी म्हणाली, "माझेही दिवस उलटून गेले. आपण कधी विचारले नाहीत. मीही सांगितले नाही, कारण आपल्याला शांतता हवी होती. आता मला शांतता नको आहे."

कोठीची किल्ली तिच्या कमरेला होती. तिने ती काढली आणि भिवरेसमोर धरली. "मी वाट दाखवते," ती म्हणाली. "बाई, तू पुढे हो."

शिपायांनी भाले आडवे धरले होते. राणीला अडवायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. भाले खाली आले.

कोठीचे दार उघडले. आत सोन्याचे ढीग होते आणि ते गार होते. भिवरेने मधोमध कुंडी ठेवली. "पाणी," ती म्हणाली.

"पाणी मागे आहे," राणी म्हणाली. "तुमचेच आहे."

बायकांनी कोठीपासून कमळांच्या तळ्यापर्यंत रांग धरली. ओंजळीतून ओंजळीत पाणी आले. कुणाची ओंजळ गळकी, कुणाची थरथरती, पण शेवटी भिवरेच्या हातात दोन घोट पोहोचले. तिने ते कुंडीत सोडले. पुन्हा आले, पुन्हा सोडले. माती काळी झाली. मातीला तडा गेला, आणि त्यातून एक हिरवे टोक वर आले.

धूम्रकेश धावत आला. त्याने आधी वारा सोडला. वेलीने पानांच्या टोकांनी सोन्याचे कंद धरले, दाराची कडी धरली, राणीचे पैंजण धरले, आणि ती वर चढत गेली. त्याने पाऊस सोडला. कळीने तोंड खाली केले, पाकळ्या वर वळवल्या. त्याने ऊन सोडले. वेलीची काही पाने वाळली, पण कंद खाली ओल्या मातीत होता आणि रांगेतून पाणी येतच होते. वाळल्या पानांच्या जागी नवी पाने आली.

"मग मीच उपटतो!" मांत्रिक गरजला आणि त्याने वेलीला हात घातला.

पानाच्या टोकाने त्याचे मनगट गुंडाळले. त्याने हात ओढला, दुसऱ्या पानाने कोपर धरले. तो जितका ओढी तितकी वेल घट्ट धरी. तिला आता काहीही धरता येत होते, मग त्यालाच का सोडील? त्याचा धूर विझला. त्याचे पाय जमिनीत रुतले, अंगाचे लाकूड झाले. जिथे मांत्रिक उभा होता तिथे एक सरळ वाळका खांब राहिला. वेल त्यावर चढून गेली आणि शेंड्यावर फुलली.

फूल आधी पिवळे होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते केशरी झाले, आणि केशरीचे लाल झाले. त्या लालीचा उजेड सोन्यावर पडला. सोने तपकिरी झाले, त्याला मातीचा वास आला, आणि कोठीभर कंद तडतडले. प्रत्येकाला दोन फाटे फुटले, नांगराच्या फाळासारखे.

भिवरेने दाराची चौकट धरली. तिच्या कमरेतून एक लाट उठली आणि पोटापर्यंत आली.

"आली!" ती म्हणाली. "माझी आहे. आली!"

कोठीत आली, तळ्याच्या काठावर आली, पायऱ्यांवर आली. राजवाड्यात असे ओरडणे उठले की कबुतरे आढे सोडून गेली. राजवाड्यातल्या ज्या म्हाताऱ्यांच्या लेकींना लेकी झाल्या होत्या, त्या पदर खोचून धावल्या. गरम पाणी, सुती कापड, आणि "जोर कर गं बाई" असे एकच चालले. राजाचे हात सवयीने कानांकडे गेले. वाटेतच ते थांबले, आणि खाली आले. राणीच्या महालाबाहेर तो उभा राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने एक माणूस किंचाळताना संपूर्ण ऐकले. मग एक बारीक रडणे ऐकले. मग तो भिंतीला टेकून स्वतःच रडला.

त्याला आपसूक माफी मिळाली, असे समजू नका. भिवरेने आपल्या नवजात मुलीला छातीशी धरून त्याला समोर उभे केले. "बांध," ती एवढेच म्हणाली. राजा गेला, त्याने स्वतः पहार घेतली, आणि बांधाचा पहिला दगड स्वतः काढला. त्याच्या हाताला फोड आले. कोणी हळहळले नाही. नदी खालच्या गावांकडे निघाली तेव्हा सोनजी वाळूतून उलट धावत येत होता. पाणी त्याला गुडघ्यापर्यंत भिडले. तो तसाच पाण्यातून आला आणि मुलीला पाहून खुळ्यासारखा हसत राहिला.

बाभळीवरची दोन्ही पिल्ले बाहेर आली. ती आईपेक्षा जास्त बडबड करीत.

कोठीतले कंद बायकांनी गावोगाव नेऊन बांधाबांधावर लावले. वेल मात्र पूर्वीसारखी झाली नाही, आणि तिला व्हायचेही नव्हते. आजही ती उन्हाळ्यात जमिनीत निजते, पावसाळ्यात उठते. पानाच्या टोकाने मिळेल ते धरते. तोंड खाली आणि पाकळ्या वर, अशी फुलते. तिला पुन्हा कोणाचे कुंपण मागावे लागले नाही.

एक गोष्ट मात्र त्या राज्यात विचित्र राहिली. थांबून राहिलेली सगळी मुले एका आठवड्यात जन्मली, म्हणून एकाच वयाची मुले तिथे बेसुमार झाली. ती मोठी झाली, आणि एके दिवशी सगळी मिळून दरबारात आली, राजाच्या लेकीसकट. कोणाला शेताच्या हद्दीचे सांगायचे होते, कोणाला घाटाचे, कोणाला शिपायाच्या उर्मटपणाचे. ती एकदम बोलू लागली. दरबार भरला, ओसऱ्या भरल्या, पायऱ्या भरल्या. बसायला तसूभर जागा उरली नाही.

तेव्हा म्हातारा राजा सिंहासनावरून उठला, दोन पोरींना तिथे बसवले, आणि स्वतः उभा राहून ऐकू लागला.